पेन्सिलीने लिहिलेलं ‘आई’

प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून घर कसं बांधायचं ते सांगणाऱ्या पुस्तकात एकही शब्द नसतो. ज्यांनी असं पुस्तक कधी हातात घेतलं नाही त्यांना हे सांगावं लागतं. पानावर पायरीचा आकडा असतो. वरच्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात त्या पायरीला लागणारे ठोकळे आणि ते किती लागणार ते. खाली मोठं चित्र, आतापर्यंत झालेलं काम आणि पुढचा ठोकळा कुठे बसवायचा त्याचा बाण. शेवटच्या दोन पानांवर सगळ्या ठोकळ्यांची यादी असते, तीही चित्रांतच. जगातल्या कुठल्याही मुलाला कळावं म्हणून तशी सोय केलेली असणार. आमच्याकडच्या चार पुस्तकांत मात्र शब्द आहेत. पेन्सिलीने लिहिलेले, आणि जवळजवळ सगळीकडे एकच शब्द : आई.

ते सगळं माझ्या हातचं आहे. एवढी साधी गोष्ट मम्मीला सांगायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत त्या शब्दाने तिला जेवढा आधार दिला तेवढंच छळलंही.

आमचं घर माधव नगरात. पप्पांची बँकेतली बदली अकोल्याहून उज्जैनला झाली आणि आम्ही इथलेच झालो. मी आठ वर्षांची आणि माझा भाऊ चार वर्षांचा असताना पप्पा गेले. त्यांच्या जागी त्याच बँकेच्या फ्रीगंजमधल्या शाखेत मम्मीला नोकरी मिळाली. ती मूळची साताऱ्याकडची. दिवसभर बँकेत हिंदी बोलून ती घरी यायची आणि आम्हाला बजावायची, हिंदी बाहेर चपलांजवळ ठेवायची. मी म्हटलं की माझी वही नाही भेटून राहिली, की तिचा पारा चढायचा. वस्तू मिळते, माणूस भेटतो, हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आज मी स्वतः शाळेत शिकवते, तरी ‘भेटली’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

तिची एक हौस मात्र आम्ही कधी पुरवली नाही. आम्ही तिला आई म्हणावं असं तिला फार वाटायचं. पण कॉलनीतली सगळी मुलं मम्मी म्हणायची. मी त्यांचं ऐकून मम्मी म्हणायला शिकले आणि भाऊ माझं ऐकून. तो पाचेक वर्षांचा असताना तिने त्याला एकदा समोर बसवून शिकवायला घेतलं. म्हण, आई. त्याने दाराकडे मान वळवली आणि विचारलं, “कौन आई?” शेजारच्या काकू पोट धरून हसल्या. मम्मीही हसली आणि तिने तो नाद सोडला. ती हसली म्हणजे तिला काही वाटलं नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. लहानपणी माणूस बिनडोक असतो, मी जरा जास्तच होते.

ठोकळे आले पुण्याच्या मावशीकडून. तिची मुलं मोठी झाली होती. घर आवरताना तिने एक जुनी सूटकेस ठोकळ्यांनी भरून, वर ती चार पुस्तकं ठेवून, कुणाच्या तरी गाडीतून पाठवून दिली. चार वेगवेगळ्या खेळांचे ठोकळे एकात एक मिसळलेले आणि बरेचसे हरवलेले. पुस्तकात दिलेली गाडी अर्धी बांधून व्हावी आणि मग कळावं की पुढचा ठोकळा मुळात आपल्याकडे नाहीच, असं दोन-तीनदा झालं. भाऊ अशा वेळी रडायचा नाही. तो अर्ध्या गाडीकडे नुसता बघत बसायचा, आणि ते मला रडण्यापेक्षा असह्य व्हायचं.

म्हणून मी एक पद्धत काढली. मी तेरा वर्षांची होते आणि जगाला शिस्त लावण्याची जबाबदारी माझ्यावर आहे अशी माझी खात्री होती. आधी हजेरी, मग बांधकाम. पुस्तकाच्या मागची यादी मी मांडीवर घ्यायची, पेन्सिल माझ्या हातात. त्याने सूटकेसपाशी बसायचं. ठोकळ्यांना आम्ही पत्त्यांची नावं दिली होती, वरचे गोल उंचवटे मोजून. दोन उंचवट्यांची दुग्गी, चाराची चौकी, मग छक्की, अट्ठी. मी पुकारायची, लाल अट्ठी, चार. तो सूटकेसमध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा, एक एक काढून समोर मांडायचा आणि म्हणायचा, “आई.” म्हणजे आली. मी त्या चित्राशेजारी लिहायची : आई. मम्मी सहापर्यंत बँकेत असायची, त्यामुळे दुपारी घरात हिंदीचं राज्य होतं. खेळ तर आम्हाला हिंदीशिवाय खेळताच यायचा नाही. पत्त्यांची नावं सगळी स्त्रीलिंगी, म्हणून पानंच्या पानं ‘आई’. फक्त चाकांची पंचाईत व्हायची. पहिया आया. तिथे मी ‘आया’ लिहिलं आहे.

बरोबरची खूण करून भागलं असतं. पण खूण मी पायरी पूर्ण झाल्यावर करायची, आणि दोन्हींत घोटाळा झालेला मला चालला नसता. एखादा ठोकळा नसला तर ती जागा मी कोरी ठेवायची आणि भाऊ म्हणायचा, देख लेंगे. मग तो लालच्या जागी निळी, छक्कीच्या जागी चौकी आणि दुग्गी असं काहीतरी जुळवून घ्यायचा. त्यात त्याचा हातखंडा होता.

चौथं पुस्तक घराचं होतं. उतरतं छप्पर, दार, आणि समोरच्या भिंतीत एकच पांढरी खिडकी, उघडणारी. बाकी सगळ्याची हजेरी लागली, खिडकी मिळेना. खिडकीला पर्याय नव्हता. त्याने सूटकेस दोनदा उपसली. पलंगाखाली बघितलं. मी सांगितलं की नाहीये, सोड. त्याने तिसऱ्यांदा उपसायला घेतली. मला मैत्रिणीकडे जायचं होतं, ती खाली येऊन हाका मारत होती, आणि हा आपला एक एक ठोकळा उजेडात धरून बघत होता. मी पुस्तक ओढलं, खिडकीची पायरी काढली आणि तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं, नहीं आई. खाली दोन रेघा ओढल्या, इतक्या जोरात की मागच्या पानावर उमटल्या. मग निघून गेले. परत आले तेव्हा घर बांधून झालं होतं आणि खिडकीच्या जागी भोक होतं. आतून बाहेरचं दिसतं, असं तो म्हणाला.

पुढे मी कॉलेजात गेले आणि तो त्याचा एकटा खेळू लागला. अठराव्या वर्षी त्याला इंदूरला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. त्याला घरीच राहायचं होतं. देवास गेटवरून बस पकडायची आणि रोज अप-डाउन करायचं, इथले निम्मे लोक तेच करतात. मम्मी म्हणाली, दोन-अडीच तास रस्त्यात गेले तर अभ्यास कधी करशील? हॉस्टेलवर राहा. तो हो म्हणाला. फार ओढून धरण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. जायच्या आधीच्या आठवड्यात त्याने ती सूटकेस काढली होती आणि तेच घर पुन्हा बांधत होता. मम्मीने ते पाहिलं होतं.

तीन महिन्यांनी त्याला हॉस्टेलवर डेंग्यू झाला. ताप आहे हे त्याने तीन दिवस कळवलंच नाही, मम्मीला रजा काढावी लागेल म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा तो बोलत नव्हता.

दहाव्या दिवशी क्षिप्रेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही. कावळे होते, समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. मामाने हात जोडून सांगितलं की तुझ्या बहिणीचं लग्न चांगलं करू. मग सांगितलं की तुझ्या आईला सांभाळू. एक कावळा खाली उतरला, पिंडाजवळून चालत गेला आणि उडाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तो कावळा चालत गेला तेव्हा मम्मीने माझा दंड धरला होता, त्या पकडीवर माझा आजही विश्वास आहे. मुलाची काहीतरी इच्छा राहिली, हे तिच्या मनात तिथेच बसलं. कोणती, ते तिला माहीत नव्हतं.

रजा संपल्यावर ती बँकेत गेली आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिली. माझं लग्न झालं, मी फ्रीगंजमध्ये राहायला गेले. शाळा सुटली की मी तिच्याकडे चक्कर टाकायची. ती निवृत्त झाली त्याच वर्षीची गोष्ट. भर दुपार होती. माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडलं आणि आतून सूटकेस ढवळल्याचा आवाज आला. तो आवाज दुसऱ्या कशाचाच नसतो. मी चपला काढायच्या विसरून तिथेच उभी राहिले. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती आणि तो आतल्या खोलीत अट्ठी शोधत होता, एवढं मला अगदी स्वच्छ कळलं. भीती वाटली नाही. उशीर झाला म्हणून तो चिडेल, एवढंच वाटलं. मग मम्मी आतून म्हणाली, “आलीस का? इकडे ये, तुला गंमत दाखवते.”

ती जमिनीवर बसली होती, सूटकेस समोर, पुस्तक मांडीवर. तिने बोट ठेवलं.

“बघ. जिथेतिथे लिहिलंय. मला आई म्हणायचा तो. एकटा असला की म्हणायचा.”

तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. मी सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, हसत हसत सांगितलं असतं तर तीही कदाचित हसली असती. मी म्हणाले, हो ना. आणि पाणी प्यायला उठून गेले.

मग तिच्या दुपारी ठोकळ्यांत जाऊ लागल्या. पुस्तक उघडून, चष्मा लावून, पायरी-पायरीने ती गाडी बांधायची, बोट बांधायची. कधी बोट उलटी व्हायची, कधी चाकं एकाच बाजूला. ‘आया’ सापडल्यावर तर ती खुलली. म्हणाली, बघ, ‘आय’ लिहायला गेला आणि एक काना जास्त दिलाय, मराठी कधी धड लिहिता आलं नाही याला. मी मान डोलावली. खोटं बोलायला काही लागत नाही, नुसती मान डोलावली तरी पुरते. घरी येताना मी स्वतःला समजवायची की कुणाचं काय बिघडतंय. तिला हवं होतं ते तिला मिळालं. भेटलं, असंही म्हणता येईल.

पण चार पुस्तकं होती आणि ती क्रमाने चालली होती. चौथं येणार हे मला माहीत होतं.

एक दिवस गेले तर टेबलावर घर होतं, खिडकीच्या ओळीपर्यंत आलेलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. आठवडाभराने पाहिलं तर तेवढंच, पण भिंतीचे रंग वेगळे. ती रोज ते मोडत होती आणि रोज त्या पायरीपर्यंत पुन्हा बांधत होती. पुढे जात नव्हती. मी विचारलं, छप्पर कधी घालणार? जेवण कमी झालं होतं. मी गेले की कधीकधी त्या भिंतीतल्या मोकळ्या चौकोनातून पलीकडे बघत बसलेली असायची. मला त्या टेबलाकडे पाठ करून बसायची सवय लागली.

मला सगळं समजत होतं, आणि तरी मी ते वर्षभर चालू दिलं. ‘नहीं आई’चा अर्थ सांगायचा तर बाकी सगळ्यांचाही सांगावा लागणार होता. तो काटा काढायचा तर सगळं पुसायचं, आणि तिला परत ‘कौन आई’पाशी आणून सोडायचं. ती इतकी आनंदली होती ते दिवस मला आठवायचे आणि माझं तोंड बंद व्हायचं. शिवाय त्या दोन रेघा माझ्या होत्या. माझ्या रागाच्या. ते मला कुणालाच सांगायचं नव्हतं.

पितृपक्षात तिने सांगितलं की सिद्धवटावर श्राद्धाला जायचं आहे. गुरुजींशी बोलून झालं होतं. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी काय न्यायचं ते ठरवायला गेले. सामान तिने एका पिशवीत भरून ठेवलं होतं, आणि पिशवीत वरच ते चौथं पुस्तक होतं. हे कशाला, असं मी विचारलं. ती बराच वेळ बोलली. जायच्या आधी तो हेच बांधत होता, हे तिने स्वतः पाहिलं होतं. हॉस्टेलच्या खोलीला एकच खिडकी होती, त्याची कॉट खिडकीशी होती. तोंडाने तो हो म्हणाला होता, आणि इथे खिडकीशी लिहून गेला होता. खाली रेघाही ओढल्या होत्या, एक नाही, दोन.

“नाही आई, म्हणत होता. आणि मी त्याची ट्रंक भरत होते,” ती म्हणाली. “उद्या तिथे त्याला सांगणार आहे. तू नाही म्हणालास, मला वाचता आलं नाही.”

मी पुस्तक पिशवीतून काढून घेतलं. बाजूला कॅलेंडर लटकत होतं, त्याचं उलटून गेलेलं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्यासमोर लिहिलं, नहीं आई. खाली दोन रेघा ओढल्या. माझी ई तेव्हाही अशीच होती, शेपटी आत वळवलेली. ती एकदा कागदाकडे बघायची, एकदा पुस्तकाकडे.

मग मी बोलत सुटले. हजेरी, दुग्गी, अट्ठी, तो काय म्हणायचा आणि मी काय लिहायची. खिडकी सापडत नव्हती, मैत्रीण खाली हाका मारत होती. तो नऊ वर्षांचा होता, इंदूर कशाशी खातात तेही त्याला माहीत नव्हतं. आणि तो शोधायचं थांबत नव्हता म्हणून मी चिडले होते, म्हणून रेघा. हे सगळं मी हिंदीत सांगत होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं. तिने मला टोकलं नाही.

“म्हणजे सगळ्याच आई तशा?”

“हो.”

“एकही माझी नाही?”

मी नाही म्हटलं. यापेक्षा कठीण शब्द मी आजवर उच्चारलेला नाही. ती उठली, टेबलापाशी गेली आणि पुस्तक न बघता घरावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता ती ते फेकून देईल, किंवा मला हाकलेल. मी दोन्हीला तयार होते.

“मी बँकेत इतकी वर्षं हिंदीत काढली,” ती म्हणाली. “मला कधी शंका आली नाही असं वाटलं तुला? यायची. मग मी पान उलटायची.” भिंतीतल्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, “पण ते एक उलटता येईना. बरं झालं बाई. तो मला ‘आई’ नाही म्हणाला, पण ‘नाही’ तरी म्हणाला नाही.”

मग ती रडली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि तिने माझा हात धरला. तिला माझा इतका राग आलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तरी तिने माझा हात सोडला नाही. दोन वर्षं का थांबलीस, एवढंच ती मध्ये मध्ये विचारत होती. तुझ्यासाठी, असं मी सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं हे तिलाही कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सिद्धवटावर ती काही बोलली नाही. विधी झाला, आम्ही रिक्षाने परत आलो. तिने त्या घराला छप्पर घातलं, खिडकीच्या जागी चार चौक्या बसवल्या आणि घर कपाटावर ठेवून दिलं. आता ती व्यवस्थित जेवते. दुपारी झोपते. सकाळी कॉलनीतल्या बायकांबरोबर चालायला जाते आणि त्यांच्या हिंदीची मला नक्कल करून दाखवते. चारही पुस्तकं तिने माझ्या हातात दिली. तुझं अक्षर आहे, तू सांभाळ, म्हणाली.

ती माझ्या कपाटात आहेत. शाळेतून आले की घरात कुणी नसतं, तेव्हा मी एखादं काढते. सुरुवातीला सगळं जिथल्या तिथे असायचं. लाल अट्ठी आली, निळी चौकी आली, तो शोधतोय आणि मी लिहितेय. मग कधीतरी ते फिरलं, कधी ते सांगता येणार नाही. आता मी पान उघडते आणि तो तिला हाका मारत असतो, यादीभर, एकामागून एक. खिडकीशी आले की मी थांबते. अक्षर माझं आहे, राग माझा आहे, त्या दुपारी खाली कोण उभं होतं तेही मला आठवतं. पण मम्मीची सुटका झाली आणि वाचणं माझ्याकडे आलं. मला ते आता हिंदीत वाचताच येत नाही.